ओढणी, डबा आणि पाळणाघर

नोकरी करणाऱ्या आईला सल्ल्यांची वानवा कधीच नव्हती. पूर्वी ते रविवारच्या पुरवणीत यायचे, आता फोनवर येतात. रात्रीच भाजी निवडून ठेवा. रविवारी आठवड्याचे कपडे इस्त्री करून लावून ठेवा. सुरकुत्या न पडणारं कापड घ्या, म्हणजे लोकलमधून उतरल्यावरही 'फ्रेश' दिसाल. मुलाला वेळ कमी मिळाला तरी चालेल, पण जो द्याल तो 'क्वालिटी'चा द्या. सल्ला देणारी बहुधा बाईच असते, तिचा हेतूही चांगलाच असतो. पण या सगळ्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अडचण काय ती बाईच्या नियोजनात आहे! ती पहाटे अर्धा तास आधी उठली, कपाट नीट लावलं, मन जरा खंबीर केलं, की सगळं जमेल.

मैत्रिणींनो, मला हे गृहीतच तपासायचं आहे. 'आज काय घालू' आणि 'पोराला कुठे ठेवू' हे दोन प्रश्न आपण वेगवेगळ्या पानांवर छापतो. पहिला सौंदर्याच्या पानावर, दुसरा बालसंगोपनाच्या. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न सकाळी सहा ते आठच्या दरम्यान एकाच खोलीत, एकाच बाईपुढे उभे असतात. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच मागणी आहे. कामाच्या ठिकाणी तिच्यातली आई दिसता कामा नये, आणि मुलाच्या शाळेत तिच्यातली कामकरी बाई दिसता कामा नये. ही लपवाछपवी बाईनं स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या झोपेतून करायची.

आधी कपड्यांचं बोलू. हा विषय काढला की आपल्यातल्याच काहीजणी नाक मुरडतात. हुंडा, मारहाण, समान वेतन सोडून कपडे कसले! पण वस्तीतल्या बैठकीत हा विषय मला काढावा लागत नाही, तो आपोआप निघतो. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'भूमिका-संघर्ष' या नावाचा धडा होता. त्यात आकृत्या होत्या, बाण होते, ओढणी मात्र नव्हती.

माझी एक मैत्रीण बँकेत आहे. बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाली तेव्हा बाळ अजून पूर्णपणे अंगावर पीत होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं फिकट रंगाचे सगळे कुडते कपाटात मागे टाकले. दुपारी बारानंतर दूध दाटून यायचं, आणि गडद रंगाच्या, मोठ्या छापाच्या कापडावर डाग दिसत नाही. आत रुमालाच्या घड्या, वर ओढणी. दूध काढायला जागा मिळाली ती जुन्या फायलींच्या खोलीत. त्या खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून एक सहकारी बाई दाराबाहेर उभी राहायची. ऑफिसात सगळ्यांना ती 'काय टापटीप राहते, मूल झाल्यासारखं वाटतच नाही' म्हणून आवडायची. हे कौतुक आहे हे तिलाही कळत होतं. पण मूल झाल्यासारखं वाटू नये यासाठी ती रोज किती उठाठेव करत होती, ते त्या कौतुकात कुठेच नव्हतं.

गंमत अशी की अंगावर पाजणाऱ्या बाईला आपली साडी फार सोयीची. पुढून हुकांचं पोलकं आणि वर पदर. गळाबंद कुडत्यात ती सोय नाही. पण साडी नेसून स्कूटी चालवायची, धावती बस पकडायची, पोर कडेवर घेऊन जिना चढायचा, तर पंजाबी ड्रेस बरा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कितीतरी शिक्षिकांनी शाळेत ड्रेस घालायची परवानगी मागितली आणि 'मुलांसमोर शोभत नाही' असं उत्तर ऐकून घेतलं. आज ड्रेस चालतो, पण शोभण्याचा प्रश्न संपलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाचे नियम काढले. बायकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार-कुडता आणि दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट, तीही शर्ट आत खोचून. जीन्स-टीशर्ट नको. पुरुषांवरही नियम आहे हे खरं. पण पुरुषानं शर्ट खोचला की त्याचा विषय संपतो. बाईच्या पोशाखावर शाळा बोलते, सासू बोलते, शेजारीण बोलते. मूल झाल्यावर तर त्यात आणखी एकाची भर पडते, 'आता आई झालीस' असं म्हणणाऱ्या कुणाचीही.

आणि खिसा! बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, यावर कुणीतरी एकदा पूर्ण लेख लिहायला हवा. धुणीभांडी करणारी आमची एक कार्यकर्ती फोन पोलक्यात खोचते. पाळणाघरातून किंवा शाळेतून फोन आला तर हात ओले असताना तो काढायचा कसा, हा तिचा रोजचा प्रश्न. तिनं स्वतःच मॅक्सीला मोठ्ठा पुढचा खिसा शिवून घेतलाय. कामाच्या घरी मात्र मॅक्सी चालत नाही, साडी किंवा ड्रेस लागतो. तो नियम कुठे लिहिलेला नाही, पण तिला पहिल्याच दिवशी सांगितला गेला.

आता दुसरी बाजू, शाळेची. पालकसभा मंगळवारी सकाळी अकराला. आठवड्याच्या मधल्या दिवशी अकरा वाजता जी आई मोकळी असते, ती शाळेनं डोळ्यापुढे ठेवलेली आई. वस्तीतली आई अकराला तिसऱ्या घरची भांडी घासत असते. सभेला यायचं तर दोन घरांचा खाडा, शिवाय घरी जाऊन ठेवणीतली साडी नेसून यायचं. ओल्या काठाच्या साडीत, साबणाच्या वासासकट गेलं तर मुलगाच म्हणतो, "तू नको येऊ." आठ वर्षांच्या मुलाला ही लाज कुणी शिकवली? त्याच्या बाईंनी मुद्दाम शिकवली असेल असं मला वाटत नाही. पण वेषभूषा स्पर्धेत त्याच्या वर्गातली एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन भाजीवाली होऊन आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मंडईत बसणाऱ्या खऱ्या भाजीवालीच्या मुलाला मात्र डॉक्टर व्हायला सांगितलं गेलं. त्या पांढऱ्या कोटाचं भाडं शंभर रुपये. "उद्या पाठवा" हा निरोप रात्री नऊला आला, तोही आयांच्या गटावर. बापांचा वेगळा गट नाही, आणि बापांचे नंबर आयांच्या गटात नाहीत. वहीत शेरा येतो तोही 'आईला भेटायला सांगणे' असा.

आपल्याकडे नोकरी करणाऱ्या आईचं सगळ्यात जुनं, सगळ्यात लाडकं चित्र म्हणजे हिरकणी. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. गवळण रायगडावर दूध विकायला गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, तिच्या नावानं बुरूज बांधला. मला या गोष्टीबद्दल आदर आहे. पण शिबिरांत ही गोष्ट सांगून झाली की मी बायकांना विचारते, यातून तुम्हाला काय वाटलं? एका बैठकीत एक बाई पटकन म्हणाली, "दरवाजा उघडला असता तर बरं झालं असतं की!" सगळ्या हसल्या. पण पुढचा सगळा तास त्या एका वाक्यावर गेला. बाळापाशी त्या वेळी कोण होतं? घरात दुसरं कुणी नव्हतं का? आणि ती पडली असती तर बुरूज बांधला गेला असता का?

आज तिच्या नावानं एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. कल्पना उत्तम आहे. पण आपण गावोगाव हिंडतो, त्यामुळे कुठे त्याला कुलूप असतं, कुठे आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या असतात, हे आपल्याला सांगायला नको. विधिमंडळातही वेगळं घडलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा फोटो सगळीकडे छापून आले आणि विधानभवनात कक्ष उघडला गेला. काही महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदारांना कक्षातल्या धुळीबद्दल तक्रार करावी लागली. आमदार बाईची ही गत, तर बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईनं कुणाकडे तक्रार करायची?

कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण आपल्या गटांमध्ये याबाबत बरीच अर्धवट माहिती असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा, हेही त्याच दुरुस्तीनं आलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या तर १९६१ पासून कायद्यात आहेत. किती जणींनी त्या मागितल्या? आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि पाळणाघराची व चार भेटींची तरतूद तिच्यातही आहे.

या तरतुदीत एक चांगला बदल आहे, तो नजरेतून सुटू नये. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम होतं, पण ते बायका मोजायचं. आधी पन्नासपेक्षा जास्त, पुढे १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर. याचा सरळ अर्थ मालकांनी सरळच घेतला. बायकांची संख्या तीसच्या वर जाऊच द्यायची नाही, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. मूल म्हणजे बाईचं, म्हणून पाळणाघराचा हिशेब बायकांच्या डोक्यांवर, आणि म्हणून बाई महाग! २०१७ च्या दुरुस्तीनं सगळे कर्मचारी मोजले, पुरुषसुद्धा. हे योग्य झालं. पण त्याच दुरुस्तीनं भेटीचा हक्क ठेवला फक्त बाईला. म्हणजे पाळणाघरात बाप दिवसातून चारदा डोकावला तर ते कायद्यात बसत नाही. आणि रजेचा पगार? जिथे राज्य कामगार विमा लागू नाही तिथे तो सगळा मालकाच्या खिशातून. म्हणजे तरुण, नुकतंच लग्न झालेली मुलगी नोकरीला घ्यायची की नाही, याचा विचार मुलाखतीच्या टेबलावर सुरू होतो. 'लग्न कधी?' हा प्रश्न पगाराच्या आधी येतो, हे आपल्या मुली सांगतातच.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. मुंबई प्रांतात १९२९ साली मातृत्व लाभाचा कायदा झाला, देशातला तो पहिला. त्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलावा, पण मालकालाही कामातून फायदा होतो, म्हणून तोही जबाबदारीतून सुटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एवढं स्वच्छ मांडलेलं आपण पुढे नेलं नाही. २०१७ चा कायदा करताना सरकारनं स्वतः हात झटकले आणि सगळं मालकावर सोपवलं. मालकानं ते बाईवर ढकललं, यात नवल काय?

त्याच काळात गिरणगावात काय चालायचं तेही माहीत असावं. गिरणीत जाणारी बाई तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन झोपवायची. 'बाळगोळी' असं तिचं गोंडस नाव होतं. त्यावर तेव्हाच्या डॉक्टरांनी अहवाल लिहिले, आयांच्या अज्ञानाबद्दल हळहळ व्यक्त झाली. पण दहा तास यंत्रापुढे उभी राहणारी बाई बाळाला ठेवणार कुठे? आज अफू नाही. आज आजी आहे, शेजारीण आहे, मोबाइल आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोठी मुलगी आहे.

या मोठ्या मुलीबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण माझ्या कामात ती मला सगळ्यात जास्त भेटते. वय दहा-अकरा. शाळेत नाव आहे, हजेरी कमी आहे. कारण विचारलं तर आई म्हणते, "अभ्यासात डोकं नाही हो ताई तिचं." खरं कारण तिच्या कडेवर असतं. धाकटा भाऊ सव्वा वर्षाचा. आई सातला घराबाहेर पडते, दोनला येते, परत चारला जाते. अंगणवाडी आहे ना, असं आपण म्हणतो. अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे आणि तिनं मोठं काम केलंय. पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवून घेते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. म्हणजे बाळंतपणानंतर आई कामावर परतते तेव्हापासून मूल तीन वर्षांचं होईपर्यंतचा सगळा काळ सरकारी हिशेबात कुणाचाच नाही. वस्तीत तो काळ सहावीतल्या मुलीच्या नावावर टाकला जातो. मग आपण 'मुलींची गळती' या विषयावर परिसंवाद घेतो!

याच मुलीच्या आईला मातृत्व लाभ किती मिळाला? घरकामगार, शेतमजूर, मंडईतल्या बायका, कचरा वेचणाऱ्या, यांना २६ आठवडे नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ मध्ये त्यावरून योजना निघाली तेव्हा ते पहिल्या मुलापुरते पाच हजार झाले, पुढे २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. ऊसतोडीला जाणारी बाई तर नवऱ्याबरोबर एक 'कोयता' म्हणून मोजली जाते, स्वतंत्र कामगार म्हणूनही नाही. बाळंतपणाची रजा तिच्या लेखी खाडा असतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गर्भपिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून पुढे आलं, त्याच्या मुळाशी हा खाडासुद्धा होता. 'नोकरदार आई' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्स आणि डबा घेतलेली बाई येते. तिचे प्रश्न खोटे नाहीत, मी वर त्यांवरच लिहिलं. पण तिची पर्स खांद्यावर चढते कारण कुणीतरी दुसरी बाई तिच्या घरात शिरलेली असते. त्या दुसरीचं मूल कुठे आहे, हे आपण दोघी एकमेकींना विचारत नाही. विचारलं तर दोघींनाही अवघड होईल.

आपल्यातल्या काही मैत्रिणींचं म्हणणं असतं की पाळणाघर हा नाइलाज आहे, खरा उपाय म्हणजे आईला जास्त रजा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आपल्या राज्यानं २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी बायकांना १८० दिवस दिले. मी या रजांच्या विरुद्ध नाही. पोर तापानं फणफणलेलं असताना ही रजा किती मोलाची, ते घेणारीच जाणते. पण पुरुषांना ती अपवाद म्हणून मिळते, बायको नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल अशाच वेळी. म्हणजे धडधाकट बायको असलेल्या पुरुषाला मूल सांभाळायचं कारणच नाही, असं आपण सरकारी कागदावर लिहून ठेवलं. केंद्रीय कर्मचारी बापाला बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजा आहे, खाजगी नोकरीत कायद्यानं तीही नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवत होती, पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानायचा, तर पुरुषांची नऊ मिनिटं कमी होऊन ८८ वर आली!

आणि पाळणाघर मुलाला वाईट, हे म्हणणं? वाईट पाळणाघर वाईटच. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा आपण सगळ्या हादरलो. त्यानंतर चर्चा कशाची झाली आठवतं? आयांनी नोकरी करावी का, याची. खाजगी पाळणाघरांवर देखरेख कुणाची, तिथे एका मावशीच्या अंगावर किती मुलं, तिला पगार किती, ती किती तास उभी असते, यावर फार थोडं बोललं गेलं. चांगलं पाळणाघर चालवता येतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि हे काम पुढे मुंबई-पुण्यातही पसरलं. इमारत पूर्ण झाली की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढच्या बांधकामावर जायचं. जे तंबूत जमलं ते सिमेंटच्या ऑफिसात का जमू नये?

जमत नाही याचं कारण पैसा, असं म्हणतात. २०२४ च्या जुलैपासून आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. वस्तीतल्या बायकांना त्या पैशांनी आधार दिला, हे मी रोज पाहते, आणि त्यांची थट्टा करणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा मला राग येतो. पण त्याच बायकांना बैठकीत विचारलं, की पैसे आणि वस्तीत सकाळी सात ते संध्याकाळी सात उघडं असणारं पाळणाघर, यांतलं काय हवं, तर उत्तर आलं, "दोन्ही." मग एक बाई म्हणाली, "पाळणाघर असंल तर मी अजून दोन घरं धरीन, दीड हजार माझं मीच कमवीन." तिला आकडेमोड कुणी शिकवावी लागली नाही.

केंद्रानं २०२२ मध्ये 'पालना' या नावानं अंगणवाडीतच पाळणाघर जोडायची योजना आणली आहे. चांगलं आहे. पण तिथे कामाला कोण असणार? पुन्हा एक मानधनी बाई. आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी डिसेंबर २०२३ पासून जानेवारीपर्यंत दीर्घ संप केला, तो मानधन आणि ग्रॅच्युइटीसारख्या साध्या मागण्यांसाठी. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. एका बाईचं मूल सांभाळण्यासाठी दुसरीला 'सेविका' म्हणून कमी पैशांत राबवायचं, असं पाळणाघर आपल्याला नको आहे. मावशीला पगार हवा, रजा हवी, आणि तिचं मूलही त्याच पाळणाघरात हवं.

मग करायचं काय? मोर्चा काढू तेव्हा काढूच. पण काही कामं आपल्या हातातली आहेत. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या पन्नासपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या जागांची यादी करता येते: कारखाने, मोठी दुकानं, रुग्णालयं, बँका, खाजगी शाळा, पतपेढ्या. तिथे पाळणाघर आहे का, असेल तर कंत्राटी सफाई बाईचं मूल त्यात घेतात का, हे विचारता येतं. पाजण्याच्या दोन सुट्ट्यांचा कागद छापून स्थानकांवर वाटता येतो. शाळेकडे एवढंच मागता येतं की पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्या आणि निरोप बापाच्याही फोनवर पाठवा. ही शेवटची मागणी एका शाळेनं मान्य केली, आणि पहिल्या महिन्यात चार बाप उठून आले. त्यांतला एक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि दारातच त्यानं विचारलं, "फक्त मीच का?"

मुंबईत ५ मे १९९२ रोजी पहिली महिला विशेष लोकल धावली, चर्चगेट ते बोरिवली. त्या गाडीत बसून मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो तेव्हापासून कौतुकानं छापले जातात. मला ते फोटो आवडतात, पण त्यांत दिसणारी भाजी घरी पोचून साडेसातला फोडणीला पडायची असते, हे फोटोखाली लिहिलेलं नसतं.

आपल्या संघटनांची वार्षिक शिबिरं आता जवळ आली आहेत. दोन दिवसांचं शिबिर, पंधरा सत्रं, आणि लहान मुलं आणणाऱ्या बायका नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीत, दाराजवळ, म्हणजे पोर रडलं की पटकन बाहेर जाता येईल. दर वेळी दोन-तीन कार्यकर्त्या आलटूनपालटून मुलं सांभाळतात आणि त्यांचं सत्र बुडतं. या वर्षी हे काम आपल्या चळवळीतल्या मित्रांकडे द्यावं, असा माझा प्रस्ताव आहे. त्यांना समतेवर भाषण करायला आपण दर वेळी बोलावतोच. त्यांची नावं पत्रिकेत छापावी, 'पाळणाघर: सकाळी ९ ते संध्याकाळी ६' असं लिहून. आणि सभागृह ठरवायला जाल तेव्हा व्यासपीठ किती मोठं आहे ते नंतर बघा, आधी शेजारी एक कोरडी, पंखा चालणारी, आतून कडी लागणारी खोली आहे का ते विचारा.